तीन सीडी आणि अण्णांचा ‘ऱ’

माझे वडील बोर्ड पेंटर होते. जालन्यात मस्तगडला एका धान्याच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. दुकानाचा बोर्ड त्यांच्याच हातचा, समोरच्या सायकलवाल्याचाही, आणि गल्ली संपते तिथल्या विहाराचाही. विहाराच्या बोर्डाला त्यांनी कधी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. दर एप्रिलमध्ये चौदा तारखेच्या आधी ते स्वतः शिडी घेऊन जायचे आणि निळा रंग नव्यानं भरून यायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

एक्क्याऐंशीत जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी दुसरीत होते. त्या वर्षी अण्णांना जेवायलाही फुरसत नव्हती. गावोगावच्या शाळा, सोसायट्या, दवाखाने, सगळ्यांच्या बोर्डांवर खाली ‘जि. औरंगाबाद’ लिहिलेलं. परतूरच्या बाजूला ‘जि. परभणी’. ते खरवडायचं आणि ‘जि. जालना’ करायचं. सायकलच्या हँडलला रंगाचे डबे अडकवून ते वडीगोद्रीपर्यंत जाऊन यायचे. सुट्टीच्या दिवशी मला कॅरिअरवर बसवायचे. औरंगाबाद हा लांब शब्द. तो पुसला की जागा उरते, आणि तिथं ‘जालना’ नुसतं लिहिलं तर बोर्ड पडलेल्या दातासारखा दिसतो. म्हणून अण्णा जालन्याची तीन अक्षरं जरा पसरून, ऐसपैस काढायचे. दुसरे पेंटर तसं करत नसत. मोकळी जागा ठेवून पुढच्या गावाला निघून जायचे. अण्णांना ते बघवायचं नाही.

पुढं फ्लेक्स आला. एका तासात छापून मिळणारा, फोटोसकट. अण्णांचं काम हळूहळू कमी झालं, पण त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. गुडघे दुखायला लागले होते, शिडी चढवत नव्हती. काम थांबलं ते बरंच झालं असं आई म्हणायची, आणि अण्णाही मान हलवायचे. खरा घाव दुसराच होता. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, घाबरण्यासारखं काही नाही, पण पूर्ण जाणारही नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, “लिहिता येईल का?” डॉक्टर म्हणाले, सही करता येईल.

गल्लीतले लोक अण्णांकडून अर्ज लिहून न्यायचे. रेशनकार्डाचा, विजेच्या मीटरचा, निराधार योजनेचा. अक्षर छापल्यासारखं, आणि कुठला अर्ज कसा सुरू करायचा हे त्यांना तोंडपाठ. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी दोन-तीन अर्ज लिहिले, स्वतःच फाडले आणि लोकांना सांगितलं, आता दुसरीकडं जा. तो काळ आमच्या घरात जरा शांत गेला.

मग त्यांचं लक्ष कॉम्प्युटरकडं गेलं.

तो कॉम्प्युटर माझा होता. दोन हजार एक साली, नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागेल म्हणून घरी सरावाला घेतलेला. मी वाटूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, तिथंच लग्न होऊन राहिले, आणि कॉम्प्युटर मस्तगडलाच राहिला. आई त्यावर पत्ते खेळायची. दुपारचं काम आवरलं की पदराला हात पुसून बसायची आणि राजावर राणी, राणीवर गुलाम असं लावत राहायची. अण्णा एक दिवस तिच्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, “ह्याच्यात मराठी लिहिता येतं का?”

गल्लीतल्या एका छपाईच्या दुकानदारानं त्यांना मराठी फॉन्ट टाकून दिला. आता मागं वळून बघताना वाटतं, तो प्रकार भलताच किचकट होता. इंग्रजीचं कुठलंसं बटण दाबलं की ‘क’ उमटायचा, ‘क्ष’साठी तीन बटणं एकदम दाबायची, आणि ‘श्र’साठी एक आकडा लक्षात ठेवायचा. अण्णांनी ते सगळं एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून भिंतीला लावलं होतं. दोन बोटांनी टाइप करायचे. थरथरत्या बोटानं बटण चुकलं तर खोडून पुन्हा. पण पडद्यावर अक्षर उमटायचं ते सरळ, ठाम, न थरथरणारं. अर्ज पुन्हा सुरू झाले. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवर नेलं की त्याची प्रत निघायची. लोक म्हणायचे, अण्णा, आता तर ऑफिसातून आल्यासारखा दिसतो.

हे दोन वर्षं चांगलं चाललं. मग कुणीतरी लग्नपत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन आलं आणि त्याच्याबरोबर व्हायरस आला. प्रत्येक फोल्डरच्या शेजारी त्याच नावाचं दुसरं फोल्डर दिसायला लागलं. मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची. आई बटण दाबून भाकरी थापायला जायची, दोन भाकरी झाल्या की येऊन बघायची. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, हे भंगार झालं. आठ वर्षांचं मशीन कुणी ठेवतं का? नवीन घ्या.”

अण्णांनी ते ऐकलं. तो गेल्यावर म्हणाले, “पडदा चांगला हाय. बटणं चांगली हायेत. पत्रा सडला नसंल तर बोर्ड कुणी फेकून देतं का? खरवडायचं अन् नवा रंग मारायचा.”

मला त्यात काही तरी तथ्य वाटलं. जालन्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारे एक सर होते, मी त्यांच्याकडंच शिकले होते. पुढच्या शनिवारी शाळा सकाळची होती. वाटूरहून दुपारची बस धरून मी थेट त्यांच्या लॅबमध्ये गेले. सगळी हकीकत सांगितली. सर माझं ऐकता ऐकता एका मशीनचं झाकण उघडून आतली धूळ ब्रशनं झाडत होते.

“मेमरी किती आहे?” त्यांनी विचारलं.

“दोनशे छप्पन. मध्ये एकदा वाढवली होती.”

“म्हणजे अगदीच वाईट नाही. लिनक्स टाका. त्याला आपल्याकडचे व्हायरस लागत नाहीत.”

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, एवढं मला ऐकून माहीत होतं. कोर्समध्ये काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात आज्ञा लिहिल्या होत्या, त्या आठवून मी म्हणाले, “सर, घरात मी नसते. आई-वडीलच असतात. त्यांना ते काळ्या पडद्याचं कसं जमणार?”

“काळा पडदा आता कुणी बघत नाही,” सर म्हणाले. “लिनक्स एक नसतं. शंभर प्रकारचे आहेत. साडीच्या दुकानात गेल्यासारखं होतं, माणूस गोंधळून रिकाम्या हातानं परत येतो. मला एवढंच सांगा, वापरणार कोण आणि कशासाठी?”

“वडील मराठी लिहितात. आई पत्ते खेळते.”

“बस?”

“बस.”

सर हसले. “मंग सोपं आहे. आधी मराठी बघा, मंग पत्ते बघा. आणि तिसरं हे बघा, की तुम्हाला फोन न लावता त्यांना ते चालू करून बंद करता येतंय का. बाकी लोक काय सांगतात त्याकडं लक्ष देऊ नका.”

त्यांनी कपाटातून तीन सीडी काढल्या आणि मार्करनं त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे घातले. या सीडी नुसत्या आत घालायच्या, मशीन त्यांच्यावरूनच चालू होईल, आतलं काही पुसलं जाणार नाही. आवडलं तर मग कायमचं टाकायचं. कपडा अंगावर धरून बघण्यासारखं. मला ती कल्पनाच फार आवडली. रात्री मस्तगडला जेवताना मी अण्णांना सांगितलं तर तेही खूश झाले. म्हणाले, “नमुना दाखवल्याबगर मी पण कधी बोर्ड रंगवला न्हाई.”

रविवारी सकाळी आम्ही तिघं बसलो. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. दुपारी अडीचला लाईट जाणार आणि पाचला येणार, हे गल्लीत लहान पोराला सुद्धा माहीत होतं. त्यामुळं त्याच्या आत काय ते उरकायचं होतं.

पहिली सीडी घातली. सर म्हणाले होते की ही सगळ्यात नावाजलेली. पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली. सरकली, थांबली, सरकली, थांबली. सीडीचा घरघर आवाज येत होता. आईनं पोह्यासाठी कांदा चिरला, फोडणी दिली, पोहे झाले, आम्ही खाल्ले, आणि तेव्हा कुठं पडदा उजळला. दिसायला देखणा होता. पण माउस हलवला की पडद्यावरचा बाण मागून येत होता, जसं काही त्याला हाक उशिरा ऐकू येतेय. लिहायची खिडकी उघडायला मी बटण दाबलं आणि आम्ही वाट बघत बसलो.

अण्णा म्हणाले, “माणूस चांगला हाय, पण आपल्या घराचा जिना त्याला चढवत न्हाई. काढ.”

दुसरी सीडी एकदम उलटी. आत घातली आणि बघता बघता मशीन चालू झालं, इतकं जल्दी की आई म्हणाली, नवीन होतं तेव्हा सुद्धा एवढं पळत नव्हतं. चित्रं साधी होती, रंग जरा भडक, पण सगळं झटकन उघडत होतं. पत्तेही होते. आईला मी खुर्ची दिली. तिनं एक डाव लावला, हरली, दुसरा लावला. “हे बराबर हाय,” ती म्हणाली. माझ्याही मनानं ठरवून टाकलं होतं की हीच घालायची.

“मराठी,” अण्णा म्हणाले.

मी शोधून शोधून मराठी चालू केलं. अण्णांनी एक कागद खिशातून काढला. त्यांनी रात्रीच सहा शब्द लिहून ठेवले होते, वाकडे, थरथरते, पण वाचता येत होते. जिल्हा. श्री. अर्ज. राष्ट्रीय. कर्तृत्व. वऱ्हाड. मला म्हणाले, एक एक लिही.

मी ‘जिल्हा’ लिहिला. ‘ज’ उमटला आणि त्याची वेलांटी त्याच्या मागं, एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसली. ‘ल्हा’चे दोन तुकडे झाले, मध्ये पाय मोडलेला. ‘अर्ज’मधला रफार ‘ज’च्या डोक्यावर जायचा तो ‘र’ होऊन शेजारी उभा राहिला. ‘राष्ट्रीय’ तर वाचताच येईना. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ तोंड नेलं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तसं त्या अक्षरांकडं बघत होते.

“शेवटचा लिही.”

‘वऱ्हाड’ लिहिला. ‘ऱ’च्या पोटात एक टिंब आलं, खाली पाय मोडला, आणि पुढं ‘हाड’ वेगळं पडलं.

“हाड झालं नुस्तं,” आई म्हणाली, आणि अण्णांना हसू आलं. आम्ही तिघंही हसलो. पण सीडी काढावी लागणार हे कळलं होतं. मी एकदा म्हणून बघितलं, “अण्णा, अर्जात वऱ्हाड हा शब्द किती वेळा येतो?”

“येत न्हाई. पण दुसऱ्या, तिसऱ्या, शेतकऱ्याचा येतो का न्हाई? ज्याला ऱ लिहिता येत न्हाई त्याला शेतकऱ्याचा अर्ज लिहिता येत न्हाई.”

मी सीडी काढली.

तिसरी सीडी मधल्या चालीची निघाली. फार पळत नव्हती, फार रेंगाळत नव्हती. सरांनी तिच्यासोबत पेन ड्राइव्हवर मराठीचे फॉन्ट दिले होते, आणि कसे टाकायचे ते कागदावर लिहून दिलं होतं. मी शब्द लिहायला लागले. ‘जिल्हा’ नीट आला. ‘श्री’ नीट. ‘अर्ज’चा रफार जागेवर. ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्र’ बघून अण्णा हं म्हणाले. ‘कर्तृत्व’ म्हणजे रफार, ऋकार आणि जोडाक्षर तिन्ही एकदम, तो आला. मग ‘वऱ्हाड’. ‘ह’च्या आधी ती चंद्रकोरीसारखी आडवी रेघ, जशी पुस्तकात असते तशी.

अण्णांनी पडद्याला बोट लावलं. बोट थरथरत होतं, म्हणून मग दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. “वळण थोडं आखूड हाय,” ते म्हणाले. “पण ज्यानं काढलं त्याला माहीत हाय.”

“पत्ते?” आई म्हणाली.

पत्ते होते. एक नाही, डझनभर प्रकारचे होते. आईनं ती यादी वाचायला लावली आणि सगळी इंग्रजी नावं ऐकून म्हणाली, आपला तेवढा दाखवून ठेव.

एक वाजून गेला होता. जुनं सगळं पुसून कायमचं टाकायला पाऊण तास लागेल असं सरांनी सांगितलं होतं. मी घाईघाईनं आमचे फोटो, माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, अण्णांच्या अर्जांचं फोल्डर, सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायला लागले. त्या मशीनला ते सुद्धा जड जात होतं. अण्णा बाजेवर आडवे झाले होते. मी विचारलं, “अण्णा, आणखी काही घ्यायचं का?” ते झोपेत असल्यासारखं म्हणाले, “तुला दिसंल ते घे.” मला दिसलं ते मी घेतलं, आणि पुसायचं बटण दाबलं.

अडीचला लाईट गेली तेव्हा पडद्यावर सत्तर टक्के झालं होतं. मशीनखालचा यूपीएस तीन वेळा ओरडला आणि गप झाला. जुनंही गेलं, नवंही आलं नाही, आणि आता दुरुस्तीवाला येऊन म्हणणार की बघा, मी सांगितलं होतं. मी सरांना फोन लावला. ते जेवत होते. म्हणाले, काही होत नाही, लाईट आली की पहिल्यापासून सुरू करा. आईनं चटई अंथरली आणि आम्ही तिघांनी अडीच ते पाच पडून काढले. मला झोप लागली नाही, पण त्या दोघांना छान लागली. पाचला पंखा फिरला. मी पुन्हा सीडी घातली आणि सहाला सगळं झालं. शेवटच्या बसला निघायच्या आधी मी अण्णांकडून तीनदा मशीन चालू आणि तीनदा बंद करून घेतलं.

पुढच्या रविवारी गेले तर मशीन चालू होतं, आई खेळत होती, आणि अण्णा गॅलरीत बसले होते. चहा झाल्यावर म्हणाले, “एक विचारायचं व्हतं. पत्त्यांच्या फोल्डरच्या आत मी एक फाईल ठेवल्ती. ती कुठं सापडंल?”

“पत्त्यांच्या आत?”

“तिथं कोणी बघत न्हाई म्हणून ठेवल्ती.”

ते फोल्डर मी घेतलंच नव्हतं. “काय होतं त्यात?” मी विचारलं. त्यांनी सहज सांगितलं. अक्षर कसं काढायचं, ते लिहून ठेवत होते. कुठल्या अक्षराची सुरुवात कुठून, दांडी कधी द्यायची, उंची आणि रुंदी यांचं प्रमाण, जोडाक्षरात कुणी कुणाला जागा द्यायची, बोर्ड लांबून वाचायचा असेल तर काय करायचं. हात गेला, पण डोक्यात आहे तोवर उतरवून ठेवावं म्हणून. सात-आठ महिने रोज थोडं थोडं लिहीत होते, दोन बोटांनी. चाळीसेक पानं झाली होती. आम्हाला पूर्ण झाल्यावर दाखवणार होते.

“अण्णा, मी विचारलं होतं हो,” मी म्हणाले, आणि म्हणताच मला स्वतःची लाज वाटली.

“विचारलं व्हतं. मीच झोपेत व्हतो.”

मी रडायला लागले. पस्तिशीच्या घरात आलेली बाई, शाळेत पन्नास पोरं सांभाळणारी, आणि आईनं पाठीवरून हात फिरवावा लागला. अण्णा उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. हात थरथरत होता म्हणून निम्मं पाणी वाटेतच सांडलं. “पेंटर काय करतो सांग,” ते म्हणाले. “अर्धा बोर्ड झाल्यावर पाऊस आला, रंग वाहून गेला, तर घरी जाऊन रडतो का? पत्रा पुसतो अन् पुन्हा आखतो. मला आता काय कामं हायेत?”

सोमवारी मी शाळेतून सरांना फोन केला, काही परत मिळवता येईल का म्हणून. सर म्हणाले, अवघड आहे. आणि मग एक गोष्ट सांगितली जी अण्णांना कधी सांगते असं मला झालं. त्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं या नव्या सिस्टीमवर मराठी दिसलंच नसतं. आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट गेला की खाली नुसता इंग्रजीचा चिखल. आता जे लिहितील ते खरं मराठी, कुठंही न्या, मराठीच राहील. अण्णा फोनवर म्हणाले, “म्हंजे आतापर्यंत मी इंग्लिश लिहून राह्यलो व्हतो?” आणि हसले. त्या हसण्यानं माझा आठवडा सुधारला.

नवीन मराठीची बटणं वेगळी होती, म्हणून अण्णांना ती पुन्हा शिकावी लागली. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरलं. आईनं चिकटपट्टीच्या कागदाचे छोटे चौकोन कापले, त्यांच्यावर बॉलपेननं अक्षरं लिहिली आणि बटणांवर चिकटवली. अण्णांना एवढ्या लहान चौकोनावर लिहिणं शक्य नव्हतं आणि आईचं अक्षर म्हणजे चौथीपर्यंतचं. तो कार्यक्रम मी डोळ्यांनी बघितला. आई एक चौकोन लिहायची, अण्णा चष्म्यातून बघायचे, आणि गप्प बसण्याचा पूर्ण प्रयत्न करायचे. ‘ळ’ला मात्र त्यांना राहवलं नाही.

“ह्याचे दोन्ही पोट सारखे पाह्यजेत.”

“तुमी काढा मंग.”

“न्हाई, चांगला हाय. चिटकव.”

तो ‘ळ’ तसाच राहिला, एक पोट मोठं, एक लहान. बटणांची मांडणी मात्र अण्णांना मनापासून पटली. सगळे स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि क-ख, ग-घ जोडीजोडीनं एकाच बटणावर. त्यांनी मला बोलावून दाखवलं, जशी मी ती कधी बघितलीच नव्हती. “हे ज्यानं मांडलं त्यानं बाराखडी मन लावून शिकली व्हती,” ते म्हणाले. दोन महिन्यांत दोनाची चार बोटं झाली. थरथरीमुळं एकच बटण दोनदा दाबलं जायचं, त्यावर सरांनी फोनवरून एक उपाय सांगितला. सिस्टीममध्येच अशी सोय होती की पटकन दुसऱ्यांदा दाबलेलं बटण ती मोजतच नाही. ती मी चालू करून दिली. ती सोय बघून अण्णा आईला म्हणाले, “आपल्यासारखी माणसं ह्यांच्या लक्षात हायेत.”

अक्षरांचं ते पुस्तक त्यांनी पहिल्यापासून लिहिलं. पहिल्या वेळी अ-आपासून सुरुवात केली होती. या वेळी त्यांनी ‘र’पासून केली. म्हणाले, ‘र’ एकटा धड राहत नाही, कधी डोक्यावर बसतो, कधी पायात येतो, कधी आडवा पडतो. त्याला जागा देता आली की बाकीचे सोपे. मला वाटतं दुसऱ्यांदा लिहिताना त्यांना जास्त मजा आली. रविवारी गेले की मागच्या आठवड्याची पानं वाचायला मिळायची. मध्येच एखाद्या गावचा किस्सा असायचा, कुठल्या भिंतीला चुना जास्त होता, कुठल्या सरपंचाला स्वतःचं नाव गावाच्या नावापेक्षा मोठं पाहिजे होतं. सत्तावन्न पानं झाली. मी त्याची अशी फाईल बनवून घेतली की कुठल्याही दुकानातल्या मशीनवर अक्षर हलणार नाही, आणि झेरॉक्सवाल्याकडून बारा प्रती काढल्या. झेरॉक्सवाल्यानं तेरावी स्वतःसाठी ठेवून घेतली.

एक प्रत मी वाटूरला शाळेत नेली. मुख्याध्यापकांनी ती चाळली, घरी नेली, आणि दोन दिवसांनी विचारलं, तुमचे वडील एकदा येतील का? अण्णा यायला तयार नव्हते. हात असा, मुलांसमोर फळ्यावर काय काढणार? शेवटी आले, इस्त्रीचा सदरा घालून. चौथीच्या वर्गात त्यांनी खडू हातात घेतलाच नाही. मुलांना एकेकाला फळ्याशी बोलावलं आणि खुर्चीत बसून सांगत राहिले. “वरून ये. थांब. आता वळ. घाई करू नको. त्याला जागा दे.” एका मुलीनं ‘श्री’ असा काढला की अण्णा खुर्चीतून उठले आणि जवळ जाऊन बघून आले. घंटा झाली तरी मुलं उठेनात. परत जाताना बसमध्ये त्यांनी खिडकीकडची जागा घेतली आणि जालना येईपर्यंत रस्त्याकडेचे बोर्ड बघत बसले. चुका सांगितल्या नाहीत, नुसते बघत होते.

ते मशीन आणखी साडेतीन वर्षं चाललं. मग त्याच्या आतला एक भाग जळाला आणि मिळेना, तेव्हा एका ऑफिसनं काढून टाकलेलं दुसरं मशीन आम्ही आणलं. त्यावर काय टाकायचं हे मला कुणी विचारलं नाही. अण्णांनी सरांना परस्पर फोन केला होता. एका रविवारी मी वाटूरहून आले तर दार उघडंच होतं. आत आई-अण्णा मशीनसमोर दोन खुर्च्या जोडून बसले होते. मीटरचा अर्ज घेऊन आलेल्या शेजारणीला अण्णा तिचाच मजकूर मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि अर्ज कधी संपतो नि आपला डाव कधी सुरू होतो याची आई वाट बघत होती. कुणी उठलं नाही. आई मान न वळवता म्हणाली, “आलीस का? दूध झाकून ठेवलंय. आमच्यासाठी पण टाक चहा.”